वर्षाचे दहा आवडते अल्बम: पहिल्यांदाच यादी करणाऱ्यांसाठी

दर डिसेंबरात आमच्या टोळक्यात एखादा नवा भिडू येतो आणि दोन दिवसांत हात टेकतो. "मला यंदाचे दहा अल्बम आठवतच नाहीयेत गं." साहजिक आहे. वर्षभर गाणी कानावरून गेलेली असतात. पण कुठलं गाणं कुठल्या अल्बममधलं, तो अल्बम यंदाचा की गेल्या वर्षीचा, हा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. मग तो बिचारा ॲपने काढून दिलेला वार्षिक आढावा उघडतो, त्यातली पहिली पाच नावं उतरवतो, उरलेली पाच एखाद्या विलायती मासिकाच्या यादीतून उचलतो आणि पाठवून देतो. ती यादी वाचली की कळतं, यात हा माणूस कुठेच नाही.

आम्ही सात जण आहोत. चार डोंबिवली-ठाण्याकडचे, दोन पुण्याचे, एक डब्लिनला. प्रत्येकाने वर्षातले दहा अल्बम निवडायचे, क्रम लावायचा, प्रत्येकावर दोन ओळी लिहायच्या आणि मग सगळ्यांची मिळून एक यादी करायची, एवढाच खेळ. त्यात करण्यासारख्या सगळ्या चुका आम्ही करून बसलो आहोत, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवातीलाच एक शब्द खोडून टाका: सर्वोत्कृष्ट. त्या वर्षी निघालेलं सगळं ऐकल्याशिवाय तो वापरता येत नाही, आणि सगळं ऐकणं कुणाच्या बापाला शक्य नाही. आपण निवडतो ते आवडते. इथे साक्षीदार एकच, तुम्ही स्वतः. मात्र हा साक्षीदार फारसा भरवशाचा नाही. आपल्याला काय आवडलं याबद्दल आपण स्वतःशीच बरंच खोटं बोलतो. त्यामुळे पुढच्या पायऱ्या म्हणजे खरं तर या साक्षीदाराची उलटतपासणी आहे.

अल्बम कशाला म्हणायचं, ते आधी ठरवा

हे आधी ठरवलं नाही तर डिसेंबरात भांडणं होतात. आमची झाली आहेत.

संगीतात अल्बम हा शब्द बाइंडिंगवरून आला. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. अशा चार-पाच तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या बाडात घालून विकत. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली, बाड गेलं आणि नाव तेवढं राहिलं. आज तबकडीही नाही, तरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं ते माप बऱ्याच कलाकारांच्या हाडीमाशी भिनलेलं आहे.

ग्रॅमीवाल्यांची व्याख्या सोपी आहे: किमान पाच वेगवेगळे ट्रॅक आणि १५ मिनिटं, किंवा मग ट्रॅक कितीही असोत, एकूण ३० मिनिटं. यातला दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात अनेकदा दोनच ट्रॅक असतात, एक मोठा राग आणि शेवटी एखादं भजन. फक्त ट्रॅक मोजणारा नियम केला तर अख्खं हिंदुस्थानी संगीत यादीबाहेर जाईल. पण हीच व्याख्या लावली तर २०१६चा अजय-अतुल यांचा 'सैराट' मात्र अल्बम ठरत नाही! गाणी चारच, आणि अर्धा तासही भरत नाही. आमच्यात यावरून दोन रात्री वाद झाला. शेवटी नियमात लिहिलं, "चार गाणी किंवा वीस मिनिटं". नियम एका अल्बमसाठी वाकवला, हे उघड आहे. वाकवला तर वाकवला.

सिनेमाची गाणी घ्यायची की नाही? भारतात हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण आपल्याकडे कित्येक वर्षं अल्बम म्हणजे सिनेमाचाच अल्बम होता. माझी कसोटी अशी: सिनेमा पाहिला नसता तरी ही गाणी ओळीने ऐकली असती का? उत्तर हो असेल तर खुशाल घ्या. मैफलीचं ध्वनिमुद्रण चालेल, पण ते यंदा पहिल्यांदा बाहेर आलेलं असावं. जुन्या अल्बमची चकचकीत नवी आवृत्ती चालणार नाही. संकलनं नाहीत. सुटी गाणी नाहीत, मग त्यांना कितीही कोटी व्ह्यूज असोत.

इथे मराठी श्रोत्याची खरी अडचण होते. मराठीत आता बरंचसं नवं संगीत एकेका गाण्याने, यूट्यूबवर येतं. सलग सात-आठ गाण्यांचा अल्बम करणारे थोडे. मग डिसेंबरात अपराधी वाटायला लागतं, "यादीत एकही मराठी नाही?" असं वाटलं तर मायेपोटी एखादा अल्बम घुसडू नका. त्या कलाकारालाही ते आवडणार नाही. त्यापेक्षा वर्षातल्या दहा मराठी गाण्यांची वेगळी यादी करा. आम्ही करतो, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त वाचली जाते.

वर्ष कोणतं, हेही वाटतं तितकं सोपं नाही

द क्लॅश या ब्रिटिश बँडचा 'लंडन कॉलिंग' ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९मध्ये आला, अमेरिकेत जानेवारी १९८०मध्ये. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या समीक्षक-मतदानात तो १९८०चा पहिला ठरला. पुढे 'रोलिंग स्टोन'ने ऐंशीच्या दशकातले शंभर अल्बम निवडले, तिथेही पहिला. लंडनच्या माणसाने मात्र तो सत्तरच्या दशकातच विकत घेतला होता.

डिसेंबरात येणाऱ्या अल्बमांचं असंच होतं. बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ला कसलीही पूर्वसूचना न देता अख्खा अल्बम बाजारात आणला, तेव्हा कित्येक मासिकांच्या याद्या छापून झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी १५ डिसेंबरला डी'अँजेलोचा 'ब्लॅक मसाया' आला. 'व्हिलेज व्हॉइस'ची यादी वर्ष संपल्यावर निघायची, म्हणून तिथे तो पहिला येऊ शकला. ग्रॅमीचं वर्ष तर कॅलेंडरशी जुळतच नाही. २०२५च्या सोहळ्यासाठी १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ असा काळ धरला होता. म्हणजे २२ नोव्हेंबर २०२४ला अचानक आलेला केंड्रिक लमारचा अल्बम त्या खिडकीतून बाहेर.

आमचा नियम: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, भारतात ज्या दिवशी ऐकायला मिळाला ती तारीख, आणि यादी पाठवायची शेवटची मुदत १० जानेवारी. मुदत जानेवारीत ढकलण्याचं आणखी एक कारण म्हणजे पुण्याचे दोघे. डिसेंबरात सवाईचे दिवस आले की त्यांच्या कानात दुसरं काही शिरत नाही. त्यानंतरचा आठवडाभरही ते सकाळी भैरवाशिवाय काही लावत नाहीत. अशा माणसाकडून पंधरा डिसेंबरला पॉप अल्बमांचा क्रम मागणं म्हणजे श्राद्धाच्या जेवणावरून उठलेल्याला पिझ्झाची चव विचारणं.

वही ठेवा, नसेल ठेवली तर माग काढा

१० जुलै २०१५पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार अशी तऱ्हा होती. त्यामुळे शनिवारी सकाळी दहा मिनिटं काढून वहीत लिहून टाकणं सगळ्यात सोयीचं. काय लिहायचं? अल्बमचं नाव, ऐकल्याची तारीख, कुठे ऐकला, आणि कानात अडकलेली एक गोष्ट. "२ मार्च, ट्रेनमध्ये उभ्याने, तिसऱ्या गाण्यात ढोलकी अचानक थांबते ती जागा." बस्स. दहापैकी गुण देऊ नका. मी पहिली दोन वर्षं दिले. मार्चमध्ये ज्याला आठ दिले आणि सप्टेंबरमध्ये ज्याला आठ दिले, ते दोन आठ एकमेकांना ओळखसुद्धा देत नव्हते.

वही ठेवलीच नसेल तर घाबरू नका, माग निघतो. स्ट्रीमिंग ॲपमध्ये सेव्ह केलेले अल्बम तारखेनुसार लावा. यूट्यूबची हिस्टरी बघा. लास्ट एफएमवर खातं असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे ऐकलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद आपोआप होते. पण सगळ्यात नामी युक्ती व्हॉट्सॲपची आहे: सर्चमध्ये "ऐक हे", "ऐकलंस का" असं टाका. वर्षभरात तुम्ही न राहवून कुणाला कुठली लिंक पाठवली, हे तिथे सापडतं. रात्री पावणेबाराला झोपलेल्या मैत्रिणीला पाठवलेली लिंक म्हणजे भक्कम पुरावा.

यातून पंचवीसेक नावांची कच्ची यादी निघाली पाहिजे. पंधराच निघाली तर पंधरावर काम करा, काही बिघडत नाही. चाळीस निघाली तर निर्दयपणे कापा. ज्या अल्बमचं एकही गाणं नाव वाचून डोक्यात वाजत नाही, तो पहिल्या फेरीत बाद.

वर्षाच्या सुरुवातीचे महिने मुद्दाम दोनदा तपासा. ऑक्टोबरातलं सगळं ताजं असतं, फेब्रुवारीतलं विसरलेलं. फेब्रुवारीतला अल्बम अजून आठवत असेल तर तो दहा महिने टिकलाय. ऑक्टोबरातल्याने तेवढी परीक्षा दिलेली नाही.

आणि एक पथ्य. कच्ची यादी होईपर्यंत दुसऱ्या कुणाची यादी वाचायची नाही. काही ब्रिटिश मासिकं नोव्हेंबरातच याद्या काढून मोकळी होतात, मग डिसेंबरभर पाऊस पडतो. २०२४मध्ये जिकडे बघावं तिकडे चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' पहिला किंवा दुसरा होता. असं सतरा ठिकाणी वाचलं की तो आपल्यालाही तितकाच आवडला होता असं वाटू लागतं. आवडला असेलही! पण ते आधी तुमच्या वहीत दिसू दे. इतरांच्या याद्या वाचायच्या त्या राहून गेलेलं शोधायला, आणि तेही नंतर.

परत ऐका, ओळीने, पूर्ण

सगळं काम इथे आहे. ही पायरी गाळलीत तर बाकीच्या कितीही नीट केल्या तरी उपयोग नाही.

हिशेब मांडू. पंचवीस अल्बम, सरासरी पंचेचाळीस मिनिटं धरली तर पावणेएकोणीस तास. तीन आठवड्यांत विभागले की दिवसाला तासाच्या आत. डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकलने तासाच्या आसपास लागतो. म्हणजे जाताना एक अल्बम, आणि येताना डोळे मिटून पडायला मोकळे. भांडी घासताना, पोळ्या लाटताना, संध्याकाळी फिरायला जाताना, कुठेही चालेल. फक्त फोनवर दुसरं काही बघत ऐकायचं नाही.

शफल बंद. कलाकाराने क्रम लावण्यात डोकं घातलेलं असतं. नोव्हेंबर २०२१मध्ये ॲडेलने गळ घातली आणि स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप शफल होणारं बटण काढलं, ते याच कारणाने. आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको. विलंबितानंतर द्रुत का येतं आणि भैरवी शेवटीच का, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. अल्बमही तसाच ऐका.

ऐकताना मी तीन गोष्टी बघते. एक, दोन गाण्यांमधल्या त्या दोन सेकंदांच्या शांततेत पुढच्या गाण्याची सुरुवात माझ्या डोक्यात आपोआप वाजते का? वाजत असेल तर अल्बम अंगात मुरलाय. दोन, शेवटून तिसरं गाणं. दुबळ्या अल्बममध्ये भरताड इथेच कोंबलेलं असतं. पहिली चार गाणी सगळेच सजवतात. तीन, संपल्यावर मला काय करावंसं वाटलं? परत लावावंसं वाटलं, शांत बसावंसं वाटलं, कुणाला तरी फोन करावासा वाटला, यातलं काहीही चालेल. "चला, झाला एक" असं वाटलं तर तो दहात नाही, त्याची कीर्ती कितीही असो.

या फेरीत धक्के बसतात. माझ्या कच्च्या यादीत दर वर्षी पहिल्या तिनात असलेला एखादा अल्बम परत ऐकताना कोसळतो. एकच गाणं अफाट असतं, बाकीचे नऊ त्याच्या लग्नाला आलेले पाहुणे. उलट ज्याच्याकडे उन्हाळ्यात नीट लक्ष दिलं नाही, असा एखादा गुपचूप वर सरकतो. हे घडलं नाही तर समजा, तुम्ही नीट ऐकलं नाही.

ॲपचा आकडा हा पुरावा, निकाल नव्हे

स्पॉटिफायचा वार्षिक आढावा, 'रॅप्ड', २०१६पासून त्या नावाने येतो, साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे डिसेंबरातलं ऐकणं त्यात नाहीच. शिवाय तिथे गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. चाळीस मिनिटांचा एक ख्याल तुम्ही डोळे मिटून ऐकलात, मोजणी एक. तेवढ्याच वेळात अडीच मिनिटांचं गाणं सोळा वेळा वाजतं, मोजणी सोळा. रागदारी ऐकणाऱ्याचा आढावा म्हणूनच नेहमी भलताच दिसतो. घरात लहान मूल असेल तर विचारूच नका. आमच्यातल्या एकाच्या आढाव्यात सलग दोन वर्षं बडबडगीतं पहिली आली.

मी तो आकडा एकाच कामाला वापरते: मी काय लपवतेय ते शोधायला. एखादा अल्बम साठ वेळा वाजवलाय आणि माझ्या यादीत तो नाही, असं का? कधी उत्तर साधं असतं, व्यायामाला लावत होते, बाकी काही नाही. कधी मात्र उत्तर असतं, लाज वाटते. भावगीतवाल्या घरात वाढलेल्या बाईने असला थिल्लर पॉप अल्बम पाचव्या नंबरवर लिहायचा? लिहायचा. साठ वेळा ऐकताना लाज वाटली नव्हती.

याच्या उलटं खोटं जास्त पसरलेलं आहे. एखादा जड, प्रतिष्ठेचा अल्बम, एकदाच ऐकलेला, यादीत चौथा. मुलाखतीला जाताना घालायच्या शर्टासारखा. असे दोन शर्ट असले की यादी मेलीच. स्वतःला विचारा: उद्या रविवारी सकाळी, घरात कुणी नसताना, हा लावाल का?

तिसरं खोटं हळवं असतं, आणि त्याच्यापुढे माझा इलाज चालत नाही. १५ डिसेंबर २०२४ला तबलावादक झाकिर हुसेन, आपले झाकिरभाई, गेले. ऐन यादीच्या दिवसांत. त्या आठवड्यात नवं काही ऐकलंच गेलं नाही. त्यांच्या 'शक्ती' या बँडचा २०२३चा 'धिस मोमेंट', त्या मंडळींचा ४६ वर्षांनंतरचा स्टुडिओ अल्बम, पुन्हा पुन्हा लागला. तो आदल्या वर्षीचा, २०२४च्या यादीत बसत नव्हता. तेव्हापासून आम्ही एक जादा रकाना ठेवला: 'यंदा भेटलेलं जुनं'. एकच नाव लिहायचं. वर्षाची अट नाही. एका नव्या मुलीने पहिल्याच वर्षी तिथे १९६७चा 'कॉल ऑफ द व्हॅली' लिहिला. संतूर, बासरी आणि गिटारवर काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस. तिच्या आजोबांकडे ती एलपी होती, तिने ऐकली मात्र फोनवर. नव्या भिडूंना हा रकाना फार आवडतो.

क्रम

पहिले तीन सहसा आपसूक ठरतात. शेवटचे तीन रडवतात.

सगळे एकदम मांडून बसू नका. एक अल्बम घ्या, दुसऱ्याशी तुलना करा: पुढचा महिनाभर यातला एकच ऐकायचा, तर कोणता? जो येईल तो वर. मग तिसरा घ्या, खालून वर सरकवत न्या, हरला की तिथे थांबवा. पत्ते लावतो तसं. अर्ध्या तासात क्रम तयार. मग एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी फक्त आठव्या ते बाराव्या नंबरच्या जागा पुन्हा बघा. दहावा घेतला म्हणून अकरावा गेला, हे ज्या ठिकाणी टोचतं तिथे तुमची खरी आवड सापडते. पहिल्या नंबरवर दहा जणांचा एकच अल्बम असू शकतो. दहावा सहसा प्रत्येकाचा वेगळा निघतो. म्हणून दुसऱ्याची यादी मी खालून वर वाचते.

दहाच का? दहा बोटांत मोजता येतात, याहून मोठं कारण नाही. पण दहावर थांबा. वीस केले की कुणालाच नाही म्हणावं लागत नाही, आणि मग सगळा खेळच फुकट.

दोन ओळी

अप्रतिम, भन्नाट, काळजाला भिडणारा, एक वेगळाच अनुभव. हे शब्द आमच्याकडे बंद आहेत. "गायिकेचा आवाज अप्रतिम आणि संगीत काळजाला भिडणारं" ही ओळ कुठल्याही अल्बमला चिकटवता येते. त्याऐवजी अशी लिहा: "सहाव्या गाण्यात ती वरच्या षड्जाला पोचत नाही आणि पोचल्यासारखं दाखवतही नाही, तिथे मी दर वेळी काम थांबवते." यात एक जागा आहे, एक कृती आहे, आणि वाचणारा ती जागा शोधायला अल्बम लावतो. वहीतली ती 'अडकलेली गोष्ट' इथे कामाला येते.

सगळ्यांची मिळून एक यादी करायची असेल तर

मित्रमंडळी जमवून हे करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, गुप्तता. याद्या ग्रुपवर टाकायच्या नाहीत. एकाकडे पाठवायच्या आणि मुदत संपल्यावर सगळ्या एकदम उघडायच्या. पहिल्या वर्षी आम्ही ग्रुपवर टाकल्या. पहिल्याने जे नाव वर लिहिलं ते पुढच्या चौघांच्या यादीत आलं. नंतर दोघांनी कबूल केलं, तो अल्बम त्यांनी ऐकलाच नव्हता.

दुसरी, गुण. सरळ मार्ग म्हणजे पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, असं करत दहाव्याला १. दिसायला न्याय्य, पण यात गंमत होते. समजा, एका अल्बमला दोघांनी जीव ओवाळून पहिला नंबर दिला, बाकी पाच जणांनी घेतलाच नाही: २० गुण. दुसरा अल्बम कुणाचाच लाडका नाही, पण पाच जणांनी तो सहाव्या जागी टाकला: पाच गुणिले पाच, २५. जिंकला तो दुसरा, नाश्त्याच्या उपम्यासारखा! कुणाला नावडत नाही आणि कुणी मागून घेत नाही.

यावर 'व्हिलेज व्हॉइस'च्या मतदानाची पद्धत उत्तम आहे. १९७१ साली सुरू झालेलं हे मतदान, १९७४पासून दर वर्षी. त्यामागे रॉबर्ट क्रिस्टगाउ हे समीक्षक होते. तिथे प्रत्येकाला दहा अल्बम आणि एकूण १०० गुण मिळायचे; एका अल्बमला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. आता तेच उदाहरण घ्या. दोघांनी पहिल्याला २५-२५ दिले, ५० झाले. पाच जणांनी दुसऱ्याला ७-७ दिले, ३५ झाले. जीव ओवाळणारे जिंकले. शिवाय गुण वाटताना स्वतःबद्दलही कळतं: कुणी सगळ्यांना दहा-दहा वाटून मोकळा होतो, कुणी एकाला तीस देऊन बाकीच्यांना चिमूटचिमूट. आमच्यात एकच दुरुस्ती आहे, एकत्र यादीत यायला किमान दोघांची मतं लागतात. नाहीतर एखादा आपल्या भाच्याच्या बँडला तीस गुण देऊन वर बसवतो. झालंय.

बरोबरी झाली तर ज्याला जास्त जणांनी निवडलं तो वर.

याद्या उघडल्यावर दुसऱ्याच्या निवडीवर "हे काय ऐकतोस?" म्हणायची मनाई आहे. विचारायचं ते एवढंच, "यातलं आधी कोणतं ऐकू?" विचारून झाल्यावर ते खरोखर ऐकायचं, नुसतं विचारून चालत नाही. जानेवारीचा उरलेला महिना आमचा यातच जातो आणि माझ्या मते वर्षातलं सगळ्यात छान ऐकणं या वीस दिवसांत होतं.

त्यानंतर

यादीला तारीख घाला आणि कुठेतरी जपून ठेवा, पुन्हा हात लावू नका. मार्चमध्ये एखादा राहून गेलेला अल्बम सापडेल आणि यादी बदलावीशी वाटेल. बदलू नका, पुढच्या वर्षीच्या 'यंदा भेटलेलं जुनं'मध्ये त्याची सोय आहे.

जमलं तर यादीतला एक अल्बम विकत घ्या. पूर्वी यादी आणि खरेदी वेगळी नव्हतीच. पैसे एका कॅसेटचे असायचे, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्याने ठरवावं लागायचं की घरी कोणती न्यायची. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं. आता स्वतंत्र कलाकारांचं बरंच काम बँडकँप या संकेतस्थळावर विकत मिळतं. मार्च २०२०पासून तिथे काही ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते आणि जवळजवळ सगळे पैसे कलाकाराला जातात. आमच्यातले तिघे तेव्हा आपला दहावा विकत घेतात. पहिल्याला गिऱ्हाइकं पुष्कळ असतात.

आणि मुदत पाळा. १० जानेवारी, रात्री बारा. डब्लिनवाला दर वर्षी म्हणतो की तिथे अजून संध्याकाळचे साडेसहाच वाजलेत.